पबच्या दारातल्या सायकली

इंग्लंडमधल्या सायकल क्लबची रविवारची फेरी आखताना आधी ठरतं ते दुपारचं जेवण. रस्ता त्याच्या मागून येतो. फेरीची जबाबदारी घेतलेला सभासद नकाशा उघडतो तेव्हा चढ, उतार, नदीकाठ, जुनी चर्चं हे सगळं त्याच्या डोक्यात असतंच, पण नकाशावर पहिलं बोट टेकतं ते एखाद्या खेड्यातल्या पबवर. स्वयंपाकघर किती वाजता सुरू होतं, वीसेक माणसं एकदम आली तर मावतील का, सायकली ठेवायला मागे अंगण आहे का, हे विचारून झालं की त्या पबपासून मागे मोजत अकराच्या कॉफीचं ठिकाण ठरतं आणि पुढे मोजत चारच्या चहाचं. तीन थांबे पक्के झाले की त्यांना जोडणारे रस्ते शोधायचे. तेही शक्यतो असे, की ज्यांच्या वाटेला मोटारवाला सहसा जाणार नाही.

दिवसभराची अशी फेरी साधारण ८० ते १०० किलोमीटरची असते आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. ही शर्यत नसते आणि रमतगमत चालणंही नसतं. निवृत्त शिक्षक, रात्रपाळी संपवून आलेली नर्स, संगणकावर बसून पाठ आखडलेला इंजिनिअर असे सगळे एका रांगेत असतात. एकाकडे कार्बन फायबरची नवीकोरी सायकल, तर शेजारच्याकडे चाळीस वर्षं जुनी पोलादी, तिच्यावर ब्रुक्सचं चामडी सीट आणि मागे कॅराडाइसची जाड कापडाची पिशवी. ही पिशवी लँकेशरमधल्या नेल्सन या गिरणगावात १९३२ पासून शिवली जाते. तिच्यात सुटी ट्यूब, पान्हे, पावसाळी अंगरखा आणि पबचं दार बंद निघालंच तर असावीत म्हणून दोन सँडविच.

सहा-सात तासांच्या या दिवसात पबमधला वेळ जेमतेम तासाभराचा. पण गेल्या दीडशे वर्षांत त्या तासाभरावरून कोर्टात खटला उभा राहिला, दारूच्या कायद्यातल्या सवलतींचे हिशेब मांडले गेले आणि काही सायकलवाल्यांनी पबचा नाद सोडून स्वतःच्या विसाव्याच्या जागा बांधल्या. टेबलाशी कुणी बसायचं आणि कुणाला दुसऱ्या खोलीचा रस्ता दाखवायचा, हा वाद जवळजवळ सायकलीइतकाच जुना आहे.

एंजल ते अँकर

हा वाद जिथे रंगला तो मुलूख म्हणजे लंडनच्या नैर्ऋत्येचा सरे परगणा. राजधानीला आरमाराच्या बंदराशी जोडणारा पोर्ट्समथ रोड इथून जातो. घोडागाड्यांच्या काळात या रस्त्यावरच्या गावोगावी घोडे बदलायची ठाणी होती, तबेले होते, प्रवाशांना जेवू घालणारी आणि मुक्कामाला खोली देणारी खानदानी इन होती. १८३८ मध्ये रेल्वे वोकिंगपर्यंत पोचली आणि १८५९ मध्ये पोर्ट्समथला थेट मार्ग झाला. रस्ता ओस पडला. तबेले रिकामे झाले आणि इनमालकांच्या धंद्याला उतरती कळा लागली.

त्या रिकाम्या रस्त्यावर १८७० च्या दशकात उंच चाकाच्या सायकली आल्या. पुढचं चाक छातीएवढं, मागचं वीतभर, आणि स्वार त्या उंचीवर तोल सांभाळत बसलेला. थेम्स डिटनमधल्या ‘एंजल’ या पबपासून रिप्ली गावातल्या ‘अँकर’पर्यंतचे १० मैल हा लंडनच्या सायकलवाल्यांचा ठरलेला पल्ला झाला. बऱ्याच इनमालकांना हे धुळीने माखलेले, घामेजलेले तरुण नकोसे वाटत. अँकर चालवणाऱ्या डिबल कुटुंबातल्या ॲनी आणि हॅरिएट या बहिणींनी मात्र त्यांना घरच्यासारखं वागवलं. येणाऱ्याने पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचं, हात-तोंड धुवायचं आणि टेबलाशी बसायचं. लॉर्ड बरी यांनी रिप्लीला सायकलस्वारांच्या मक्केची उपमा दिली ती १८८० च्या दशकात. १८८२ मध्ये एका तासात २० मैलांचा टप्पा पहिल्यांदा गाठणारा हर्बर्ट लिडेल कॉर्टिस पुढे ऑस्ट्रेलियात तरुणपणीच वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसली ती रिप्लीच्याच चर्चमध्ये. रस्त्यापलीकडे जेवायचं आणि अलीकडे आपल्या माणसासाठी मेणबत्ती लावायची, इतकं हे खेडं सायकलवाल्यांचं झालं होतं.

एच. जी. वेल्स यांची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी १८९६ ची. तिचा नायक कापडदुकानात राबणारा नोकर. वर्षाची सुट्टी मिळाल्यावर तो सायकल घेऊन याच रस्त्याने दक्षिणेला निघतो. वेल्सने स्वतः पोरवयात कापडदुकानात उमेदवारी केली होती, त्यामुळे काउंटरमागे दिवसभर उभं राहणाऱ्याला दोन चाकं म्हणजे काय वाटत असतील हे त्याला शिकवावं लागलं नाही.

तोवर सायकलही बदलली होती. जॉन केम्प स्टार्लीची दोन सारख्या चाकांची, साखळीची ‘रोव्हर’ १८८५ मध्ये आली, डनलॉपचा हवा भरलेला टायर १८८८ मध्ये. पडून डोकं फुटायची भीती घटली, हाडं खिळखिळी होणं थांबलं आणि सायकल धाडसी तरुणांच्या हातून चारचौघांच्या हाती आली.

या चारचौघांना रस्त्यावर वाली मिळाला तो सायकलिस्ट्स टूरिंग क्लब, अर्थात सीटीसी. ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेटला स्टॅनली कॉटरेल याने बायसिकल टूरिंग क्लब म्हणून तो सुरू केला. सीटीसी हे नाव १८८३ मध्ये आलं आणि २०१६ पासून हीच संस्था सायकलिंग यूके म्हणून ओळखली जाते. क्लबचं काम मोठं व्यवहारी होतं. गावोगावच्या हॉटेलांशी दर ठरवायचे, त्यांची यादी सभासदांच्या हातात द्यायची आणि हॉटेलच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी ठोकायची. ही पाटी दिसली की थकल्याभागल्या स्वाराने बेधडक आत शिरावं. अवघड उतारांच्या माथ्यावर क्लबने स्वखर्चाने धोक्याचे फलक लावले. बार्थोलोम्यू कंपनीच्या अर्धा इंच मापाच्या नकाशांत रस्त्यांच्या दुरुस्त्या सुचवल्या त्याही क्लबच्या सभासदांनी. १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने सायकलला रस्त्यावरची ‘गाडी’ म्हणून मान्यता दिली, आणि एखाद्या गावाने मनात येईल तेव्हा सायकलींना बंदी करण्याचा मार्ग बंद झाला. १८९९ मध्ये सीटीसीची सभासदसंख्या ६० हजारांच्या वर गेली.

त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. मुंबईत नोकरी करता करता ते तिथून सायकली धाडायचे आणि भाऊ त्या बेळगावात विकायचा, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचा. मराठी मुलखातल्या एका मोठ्या कारखानदारीचं मूळ या दुकानात आहे.

कॉफी-रूम की बार?

रिप्लीपासून दोन-तीन किलोमीटरवर ऑकम हे गाव. तिथे ‘होबॉय’ नावाचं हॉटेल होतं आणि सीटीसीच्या यादीत त्याचं नाव होतं. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी सायकलवरून आलेल्या एक बाई जेवणासाठी तिथे उतरल्या. लेडी हार्बर्टन हे त्यांचं नाव. सरदार घराण्यातल्या, आणि १८८१ पासून स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखासाठी चळवळ करणाऱ्या. अंगात कोट, खाली गुडघ्याशी आवळलेली ढगळ विजार. मालकीण मिसेस स्प्रेग यांनी त्यांना न्याहाळलं आणि सांगितलं की या वेषात कॉफी-रूममध्ये बसता येणार नाही. जेवायचं तर बारच्या खोलीत जेवा.

यातली मेख त्या काळच्या इंग्रज वाचकाला लगेच कळली असेल. कॉफी-रूम म्हणजे सभ्य प्रवाशांची जेवणाची खोली, टेबलावर पांढरी चादर. बारच्या खोलीत गावातले कामकरी पुरुष पाइप ओढत बसणार. त्या काळी प्रतिष्ठित घरातली बाई तिथे एकटी पाऊल टाकत नसे. जेवण नाकारलं नव्हतं. नाकारली होती ती पायरी.

लेडी हार्बर्टन सीटीसीच्या सभासद होत्या. क्लबने मालकिणीवर फौजदारी खटला भरला. आधार जुनाच होता: इन चालवणाऱ्याने खरेदीची ऐपत असलेल्या कुठल्याही प्रवाशाला सयुक्तिक कारणाशिवाय अन्न आणि आसरा नाकारता कामा नये. एप्रिल १८९९ मध्ये किंग्स्टनला सुनावणी झाली. बचाव पक्षाने बारच्या खोलीचं छायाचित्रच कोर्टापुढे ठेवलं. मेजावर चादर, फुलदाणी, सगळं नीटनेटकं. बाईंना अन्न देऊ केलं होतं, फक्त खोली वेगळी होती, असा युक्तिवाद झाला. ज्युरीने मालकिणीला निर्दोष ठरवलं.

क्लब हरला, पण पोशाखाचा प्रश्न देशभर चर्चेला आला. त्यामागे निव्वळ फॅशन नव्हती. पायघोळ झगा साखळीत अडकायचा, वाऱ्यात फुगायचा, उतारावर पायात यायचा. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये टेसी रेनॉल्ड्स ही १६ वर्षांची मुलगी विजार घालून ब्रायटन ते लंडन आणि परत असं अंतर साडेआठ तासांत कापून आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या वेळेपेक्षा तिच्या विजारीची जास्त दखल घेतली होती. आज त्याच रस्त्यांवर क्लबच्या फेरीत पुढे राहून वेग ठरवणारी बाई असते आणि सगळ्यांच्याच अंगात अंगाला चिकटणारी लायक्रा. पबमालकाची तक्रार झालीच तर ती ओल्या चड्ड्यांनी मखमली खुर्च्या भिजतात, एवढीच.

तीन मैलांची अट

व्हिक्टोरियन इंग्लंडात रविवारी दारूची दुकानं मनाला येईल तेव्हा उघडी नसत. चर्चच्या वेळात बंद, दुपारीही काही तास बंद. मात्र कायद्यात प्रवाशांसाठी सवलत होती. आदल्या रात्री ज्याने तिथून किमान तीन मैलांवर मुक्काम केला असेल, त्याला ‘खरा प्रवासी’ मानून बंद वेळेतही खाऊपिऊ घालता येई. रेल्वेने भटकणाऱ्यांना आणि पायी फिरणाऱ्यांना हे अंतर सिद्ध करावं लागे. सायकलवाल्याच्या बाबतीत त्याची धूळच साक्ष देई. लंडनहून रिप्लीला आलेला स्वार तीन काय, वीस मैल ओलांडून आलेला असायचा. पोर्ट्समथ रोडवरच्या इनना रविवारी बरकत येण्यामागे डिबल भगिनींच्या आतिथ्याबरोबर कायद्याच्या या कलमाचाही वाटा होता.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून सरकारने १९१५ पासून पबच्या वेळा कमी केल्या आणि दुपारची सुट्टी सक्तीची झाली. १९२१ च्या कायद्याने ती युद्धानंतरही कायम ठेवली; प्रवाशांची सवलतही त्याच कायद्याने संपली. आता रविवारी दुपारी दोनच्या सुमारास घंटा वाजायची आणि दार बंद. दीड वाजता पंक्चर झालेल्या माणसाची काय तारांबळ उडत असेल! बाराच्या ठोक्याला पबच्या दारात हजर असण्याची आजच्या क्लबांची जी सवय दिसते, तिच्यात या जुन्या घंटेचा धाक मुरलेला आहे. रविवार सोडून इतर दिवशी पब दुपारभर उघडे ठेवायला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. रविवारची दुपार मोकळी व्हायला १९९५ उजाडलं.

वेल्समध्ये तर १८८१ च्या कायद्याने रविवारी पब पूर्ण बंदच. पुढे जिल्हावार मतदान होऊ लागलं आणि शेवटचा जिल्हा, ड्वायफोर, १९९६ मध्ये खुला झाला. लिव्हरपूल आणि चेस्टरचे सायकलवाले डोंगरांच्या ओढीने वेल्समध्ये शिरायचे, तेव्हा त्यांची भिस्त असायची शेतकऱ्यांच्या बायका घरात मांडत त्या चहा-फराळावर: उकडलेली अंडी, हॅम, घरचा पाव, जॅम, आणि किटलीभर चहा. इंग्लिश सायकलवाल्यांच्या जगात चहाला बिअरच्या बरोबरीचा मान मिळाला तो अशा बंद दारांपुढे. ‘वेफेरर’ या नावाने लिहिणारे डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी १९१९ च्या मार्चमध्ये मित्रांसह बर्विन डोंगररांग बर्फातून, सायकली ढकलत-उचलत ओलांडली. त्यावरचा त्यांचा लेख ‘सायकलिंग’ साप्ताहिकात आला आणि डांबर सोडून आडवाटेने जाण्याचं वेड पुढच्या पिढ्यांना लागलं. त्या खिंडीत १९५७ पासून त्यांच्या नावाचं स्मारक आहे. अशा आडवाटवेड्यांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली ती हेरफर्डशरमधल्या लेमस्टर गावी, ‘ब्लॅक स्वान’ नावाच्या पबात. डोंगरात राबायचं असलं तरी सभा भरवायला जागा कुठली, याबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हते.

सायकल आणि मद्य यांचं कायद्यातलं नातं अजूनही थोडं विचित्रच आहे. इंग्लंडमध्ये मोटार चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. सायकलस्वाराला असा आकडा लागू नाही. पण १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार नशेमुळे सायकलवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर तो गुन्हा आहे आणि दंड १ हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. क्लबच्या फेरीत हा प्रसंग फारसा येत नाही. बहुतेकांसमोर अर्धा पाइंट शँडी असते, म्हणजे बिअर आणि लेमोनेड निम्मं-निम्मं. पुढचा चढ डोळ्यांसमोर असलेला माणूस दुसरा ग्लास मागवत नाही.

चहाचे मोठे मग

रिप्लीचे सायकलवाले बहुतांशी दक्षिणेतले, नोकरपेशाचे किंवा त्याहून वरच्या थरातले. उत्तरेच्या गिरण्यांतली गोष्ट निराळी. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या होत्या. शनिवारची दुपार आणि रविवार एवढाच वेळ कामगाराच्या मालकीचा. १८९० च्या दशकात सायकलींच्या किमती उतरल्या, जुन्या सायकली हप्त्याने मिळू लागल्या आणि हा वेळ दोन चाकांवर चढला.

फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. नाव घेतलं रॉबर्ट ब्लॅचफर्डच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकावरून. रविवारी बाहेर पडायचं, वाटेतल्या गावात साप्ताहिक विकायचं, पत्रकं वाटायची, चौकात भाषण ठोकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. फेरी म्हणजे एकाच वेळी सहल आणि प्रचार. पण त्यांना पबचा खर्च परवडेलच असं नव्हतं, आणि चळवळीत दारू न पिणारेही पुष्कळ होते. त्यावर तोड म्हणून क्लॅरियनवाल्यांनी स्वतःची विश्रामघरं उभारली. पहिलं १८९७ मध्ये चेशरमधल्या बकलो हिलला. त्यांच्यापैकी बहुतेक केव्हाच बंद पडली, पण लँकेशरमध्ये रफली गावाजवळचं, १९१२ साली बांधलेलं क्लॅरियन हाउस अजून रविवारी उघडतं. तिथे मद्य नाही. चहा मात्र पाइंटच्या मोठाल्या मगातून मिळतो आणि डबा आपापला आणायचा. भिंतींवर जुने कामगार पुढारी, बाकांवर सायकलवाले आणि पायी डोंगर चढून आलेले, समोर पेंडल टेकडी. नेल्सन गाव, जिथे ती कॅराडाइसची पिशवी शिवतात, इथून हाकेच्या अंतरावर आहे.

१९३८ मध्ये क्लॅरियनचे दोन सभासद ग्लासगोहून बार्सिलोनाला सायकलवर गेले. स्पेनमधल्या यादवीत अडकलेल्या लोकांसाठी पैसा उभा करणं हा उद्देश. रविवारच्या फेरीत कमावलेले पाय असे कामी आले.

टेबल क्रमांक चौदा

आता पुन्हा सरेतल्या एखाद्या रविवारी. सकाळी लंडनच्या कडेच्या स्टेशनाबाहेर मंडळी जमतात, म्होरक्या दोन वाक्यांत मार्ग सांगतो आणि सगळ्यात मागे राहायची जबाबदारी एकावर सोपवतो. कुणाला मागे टाकून जायचं नाही, हा या फेऱ्यांचा पहिला नियम. वळणावर पुढचा खुणेसाठी थांबतो आणि शेवटचा माणूस दिसल्यावरच हलतो. खड्डा आला की पुढून ‘होल!’ अशी आरोळी येते आणि रांगेतून मागे मागे सरकत जाते. गाडी आल्याची आरोळी मात्र जरा फसवी: ‘कार अप’ म्हणजे समोरून की मागून, यावर इंग्लंडातल्या क्लबांचं एकमत नाही. दुसऱ्या परगण्यातून आलेल्या पाहुण्याने हे निघण्यापूर्वीच विचारून घेतलेलं बरं.

दोघांनी शेजारी शेजारी चालवायचं. मोटारवाल्यांना हा उद्दामपणा वाटतो, पण जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मोठ्या गटात किंवा मुलांबरोबर असताना दोन-दोनच्या रांगा जास्त सुरक्षित ठरू शकतात. पंधरा जणांची लांबलचक एकेरी माळ ओलांडण्यापेक्षा आटोपशीर जोड-रांग ओलांडणं गाडीलाही कमी वेळाचं. शिवाय शेजारी कुणी नसेल तर गप्पा कुणाशी मारायच्या?

बारा वाजता पब. दगडी फरशीवर सायकलच्या बुटांचे खिळे टकटक वाजतात. इथे वेटर टेबलाशी येऊन विचारत नाही; आधी टेबल धरायचं, त्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा, मग बारपाशी जाऊन सांगायचं: टेबल चौदा, एक सूप-पाव, एक चिप्स. पैसे तिथेच, आपापले. वीस जण एकापाठोपाठ उभे राहिले की रांग दारापर्यंत जाते आणि गावातला नेहमीचा गिऱ्हाईक रविवारच्या पाइंटसाठी ताटकळतो. त्यामुळे बरेच क्लब मेनू आधी मागवतात आणि प्रत्येकाची ऑर्डर दोन दिवस अगोदर कळवतात.

रविवारी मेनूवर मुख्य असतो तो रोस्ट: भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, यॉर्कशर पुडिंग आणि सगळ्यावर ग्रेव्ही. शाकाहाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी काजू-अक्रोडाचा नट रोस्ट. पण पुढे चढ असताना एवढं जड खाणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा. अनुभवी मंडळी सूप, जॅकेट बटाटा किंवा ‘प्लाउमन्स लंच’वर भागवतात. जाड पाव, चेडर चीजचा तुकडा, लोणच्यातला कांदा, आंबटगोड चटणी. शेतकरी नांगरट करताना हे खायचा अशी सगळ्यांची समजूत. पाव-चीज खेड्यात पूर्वापार खात होतेच, पण हे नाव देऊन ते थाळीत सजवलं आणि देशभर पसरवलं ते १९५० आणि ६० च्या दशकांत चीज आणि दूध उद्योगाच्या संस्थांनी, चीजचा खप वाढावा म्हणून.

दुपारी रस्ता वर चढू लागतो. शिअर, पीसलेक, हॉमबरी या गावांभोवतीच्या वाटा शतकानुशतकं चाकांनी आणि पावसाने झिजून दोन्हीकडच्या बांधांपेक्षा पुरुषभर खोल गेलेल्या आहेत. वर बीचच्या झाडांची कमान, खाली ओली पानं आणि वाळू. लीथ हिल हे दक्षिण-पूर्व इंग्लंडातल्या उंच ठिकाणांपैकी एक, उंची २९४ मीटर. रिचर्ड हल नावाच्या गृहस्थाने १७६५ मध्ये माथ्यावर मनोरा बांधला, म्हणजे जमीन आणि मनोरा मिळून हजार फुटांच्या वर जाता येतं. तिथून काही किलोमीटरवर बॉक्स हिल, २०१२ च्या ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या रोड रेसने जिला ९ फेऱ्या घातल्या. टीव्हीवर तो नागमोडी चढ जगाने पाहिल्यापासून रविवारी तिथे सायकलींची गर्दी असते. क्लबवाले त्यामुळेच बऱ्याचदा दुसरा चढ निवडतात.

पंक्चरचंही ऋतुमान असतं. शरद आणि हिवाळ्यात शेतकरी कुंपणाची झुडपं यंत्राने छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर विखुरतात. चुनखडीच्या टेकड्यांवर पावसानंतर चकमकीचे धारदार तुकडे वाहून डांबरावर येतात. एकाचं चाक बसलं की सगळे थांबतात. दोघे ट्यूब बदलतात, बाकीचे सल्ला देतात.

बुधवारी या

फेरी ज्याच्याभोवती आखली जाते तो पबच आता डळमळीत आहे. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. २०२० च्या आसपास ते ४७ हजारांवर आले. स्वस्त दारू सुपरमार्केटातून घरी न्यायची सवय, वाढतं भाडं आणि वीजबिल, धूम्रपानबंदी, मोटारीतून आलेल्याला पिता न येणं अशी कारणं अनेक. सर्वाधिक मार खातात ते खेड्यातले एकटे पब, म्हणजे नेमकी सायकलवाल्यांची ठिकाणं. काही गावांनी पब स्वतःच विकत घेतले. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’ २००३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतला आणि ब्रिटनमधला पहिला सहकारी पब म्हणून त्याचं नाव झालं. सहकारात मुरलेल्या मराठी वाचकाला ही तोड फार परकी वाटू नये. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने गावांना मोडीत निघालेल्या पबवर बोली लावायला मुदत मिळू लागली, त्यानंतर अशा खरेद्या वाढल्या.

जे पब टिकले ते मुख्यतः स्वयंपाकघराच्या जोरावर, आणि त्यामुळे फेरी आखणाऱ्याचा पेच वाढला आहे. रविवारी दुपारी रोस्टसाठी कुटुंबं मोटारींतून येतात, तीन पदार्थ मागवतात, वाइनची बाटली उघडतात. त्यांच्या टेबलावर घामेजलेल्या वीस जणांना सूप-पाव देत बसणं मालकाला परवडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी खोली विजारीवरून ठरायची. आता ती बिलावरून ठरते. पण मंगळवार-बुधवारी त्याच मालकाच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि स्वयंपाक्याचा पगार मात्र चालूच राहतो. सायकलिंग यूकेच्या बऱ्याच स्थानिक गटांची आठवड्यातली फेरी याच फटीत बसते. निवृत्तांची संख्या मोठी, त्यामुळे कामाच्या दिवशीही पंधरा-वीस जण सहज जमतात.

पुढच्या तीन महिन्यांची यादी बनवताना संयोजक एकेका पबला फोन करतो तेव्हा रविवारी जागा नाही, हे उत्तर त्याला ओळखीचं असतं. त्यानंतर मालकच सुचवतो: बुधवारी या, बारा वाजता, अंगणातला शेड उघडून ठेवतो, सायकली तिथे लावा. ऑर्डर सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, कोण काय खात नाही तेही लिहा, आणि माणसं वीसच्या वर जाणार असतील तर अनामत भरा.